दोन नाझिन्या

बेटांवरची माणसं अभिनंदन करायला लागली तेव्हा नाझिन्याला पहिल्यांदा शंका आली की काहीतरी भानगड आहे. कुणी म्हणे, दुकानाच्या भिंतीवर तुझं पोस्टर बघितलं, केवढं मोठं. कुणी म्हणे, गुलाबी रंग छान दिसतो. आता नाझिन्यानं जन्मात गुलाबी काही अंगाला लावलं नव्हतं आणि पोस्टर तर एकही लावलं नव्हतं. नगरपालिकेच्या निवडणुकीला ती उभी होती हे खरं. पण तिचा प्रचार म्हणजे तिची लांबुळकी होडी, होडीचं इंजिन आणि तिचं स्वतःचं तोंड. सकाळी बेटांवरची पोरं गोळा करून सांता क्लाराच्या शाळेत सोडायची, परतताना घरोघरच्या धक्क्याला होडी लावायची, कॉफी प्यायची आणि आपलं म्हणणं सांगायचं, एवढंच.

तेव्हा आपण किती मोठ्या झालो आहोत ते बघायला ती आसाईच्या, म्हणजे त्या जांभळ्या ताडफळाच्या रसाच्या, दुकानापाशी गेली. भिंतभर गुलाबी कागद, कडेला फुलं, मधोमध ठसठशीत अक्षरांत ‘नाझिन्या’, आणि खाली ‘आपल्या घरातलीच’. फोटो नव्हता. कोपऱ्यात, मुंगी चालावी तसं बारीक, छापलं होतं: मारिया दे नाझारे ब्रांदाओ.

नाझिन्या बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. दुकानदारीण आसाई गाळता गाळता म्हणाली, की तिला वाटलं हे नाझिन्याचंच, म्हणून तिनं भिंत फुकट दिली.  चूक तिची नव्हती. सगळ्या गावाची तीच चूक होणार होती, आणि ती व्हावी म्हणूनच तर फोटो छापला नव्हता.

ब्रांदाओ म्हणजे लाकडाच्या गिरणीवाले. चर्चच्या चौकात निळ्या फरश्यांचं घर त्यांचं. त्या घरची बाई रस्त्यानं चालली की लोक फुटपाथवरून खाली उतरत आणि म्हणत, ‘दोना नाझारे, नमस्कार.’ दोना म्हणजे बाईसाहेब. तिला कुणी नाझिन्या म्हटलेलं कुणी बापजन्मात ऐकलं नव्हतं.

तसं पारा प्रांतात नाझारे नावाला तोटा नाही. सगळा प्रांतच नाझारेच्या मातेच्या भरवशावर जगतो. बाळंतपण अडलं, होडी उलटली, ताप उतरेना, की लोक तिला नवस बोलतात, आणि पोरगी झाली की तिचं नाव ठेवून तो फेडतात. मग रोजच्या धबडग्यात एवढं लांबलचक कोण म्हणणार? कुणाची नाझा होते, कुणाची नाझिका, आणि जिला बघून कुणाच्या तरी पोटात माया दाटते तिची नाझिन्या होते. नाझारे कुणीही असू शकतं. नाझिन्या मात्र दुसऱ्यानं करावी लागते, आपली आपल्याला होता येत नाही.

आपल्या नाझिन्याची गंमत अशी, की कागदावर ती नाझारे नव्हतीच. कागदावर ती होती रायमुंदा.

तिच्या वेळी तिची आई इदालिना दोन रात्री अडली होती. आत इदालिनानं मातेला नवस केला, की पोर जगली तर तुझं नाव देईन. बाहेर धक्क्यावर तिच्या नवऱ्यानं, बेलार्मिनोनं, संत रायमुंदोला केला, कारण अडलेल्या बायकांचा कैवारी तो. दोघं एकमेकांना बोलले नाहीत. तशी ती वेळही नव्हती. पोर जगली, बायको जगली, आणि आनंदानं वेडा झालेला बेलार्मिनो बायकोला जाग यायच्या आत वल्हवत गावात गेला आणि रायमुंदा म्हणून नोंद करून आला. इदालिनाला कळलं तेव्हा तिनं असा काही आवाज लावला की पलीकडच्या बेटावरचे लोक बाळंतीण गेली समजून निघाले. आता नोंद बदलावी तर संत रागावणार, न बदलावी तर माता. शेवटी इदालिनानंच तोड काढली. कागद तुझ्या संताचा, तोंड माझ्या मातेचं. या घरात जो रायमुंदा म्हणेल त्याला जेवण नाही. वीतभर तर पोर, तिला नाझारे तरी कसं म्हणणार, म्हणून नाझिन्या.

ते नाव घरापुरतंच राहिलं असतं. पण शाळेच्या वयात एकदा ती मामाच्या मोटारबोटीत वाकून पाणी उपसत होती. तळाशी इंजिनाचा दांडा उघडाच फिरत होता. मोकळे केस त्याला लागले आणि एका क्षणात डोक्याची सगळी कातडी गेली, डावा कान गेला. त्या नद्यांवर हे ऐकून कुणी फार दचकत नाही, आणि याचीच नाझिन्याला आयुष्यभर चीड. बेलें शहरातल्या इस्पितळातून ती परत आली ती डोक्याला रुमाल बांधून. बायका कुजबुजायला लागल्या, की नवस कागदावर फेडला नाही, मातेनं केस घेतले. इदालिनानं त्यांना तोंडावर सुनावलं, की माझी माता कागद चाळत बसत नाही, हाक ऐकते, आणि मी रोज हाक मारते. पोरांनी तर टकली म्हणायला सुरुवातच केली होती. दुसऱ्या दिवसापासून इदालिना वल्हं घेऊन धक्क्यावर उभी राहायला लागली.

“हिचं नाव नाझिन्या,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. “ज्याला आणखी काही म्हणायचं असेल त्यानं आधी मला म्हणावं.”

तेव्हापासून सगळा धक्का नाझिन्या म्हणतो. आता ती पन्नाशीकडे झुकली होती, इदालिना जाऊनही वर्षं झाली होती, आणि निवडणुकीत तिचं मागणं एकच होतं: नदीवर फिरणाऱ्या प्रत्येक होडीच्या दांड्यावर नगरपालिकेनं स्वतः झाकण बसवून द्यावं. कायदा होता. पण कायदा राजधानीत होता आणि दांडा इथं फिरत होता. गेल्याच हंगामात आणखी एक पोरगी इस्पितळात जाऊन आली होती, आणि तिच्या घरून परतताना नाझिन्यानं ठरवलं होतं की आता विनंत्या बस्स.

मतदानाच्या यंत्रावर उमेदवाराचं जे नाव दिसतं ते उमेदवारानं आधी नोंदवायचं असतं. लोक ज्या नावानं ओळखतात ते चालतं. दोघींनीही ‘नाझिन्या’ नोंदवलं. एकाच गावात एकाच नावाच्या दोघी कशा, म्हणून न्यायालयानं दोघींना नदीपलीकडे बोलावलं.

पक्षाचा माणूस घाबरून नाझिन्याच्या घरी आला. म्हणाला, ब्रांदाओंशी कशाला वैर घेता, रायमुंदा म्हणून उभ्या राहा, नाव काय, शेवटी काम महत्त्वाचं.

“रायमुंदाला कोण ओळखतं?” नाझिन्या म्हणाली. “मी पण नाही ओळखत.”

त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं. तिनं त्याला आसाई दिलं, वर कसाव्याचं पीठ घातलं, पोटभर खाऊ दिलं आणि मग सांगितलं, की बेटावरच्या म्हाताऱ्या यंत्रावर नाझिन्या हे नाव दिसलं की बटण दाबणार. ते मत गिरणीवाल्यांकडे गेलं तर झाकणं बसायची नाहीत, कारण निम्म्या मोटारबोटी त्यांच्याच. मान तुकवायची असती तर तिनं ती लहानपणीच तुकवली असती. माणूस वाडगा ठेवून निघून गेला.

न्यायाधीश दक्षिणेकडून बदलून आलेली तरुण बाई होती. खोलीत इतकं गार होतं की बेटावरची माणसं हात काखेत धरून बसली. ब्रांदाओंच्या वकिलानं उभं राहून विचारलं, की माझ्या अशिलाच्या जन्मनोंदीत नाझारे आहे, बाप्तिस्म्यात नाझारे आहे. या बाई रायमुंदा. रायमुंदाची नाझिन्या कुठल्या हिशेबानं होते? बोलणं बिनतोड होतं. नाझिन्यानं मात्र मान खाली घातली नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कागद मी वाचलेत. आता प्रत्येकीनं असं एक माणूस उभं करावं, ज्यानं तिला वर्षानुवर्षं या नावानं हाक मारली आहे.

नाझिन्याच्या बाजूनं दोमिंगोस उठला. धक्क्यावरचा हमाल, टोपल्या वाहून मान आखूड झालेला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, की तुम्ही यांना नाझिन्या कधीपासून म्हणता?

“आधी मी हिला टकली म्हटलं होतं, बाई. एकदाच.”

“मग?”

“मग वल्हं.” त्यानं भुवईवरचा वण दाखवला. “हिच्या आईचं. तेव्हापासून नाझिन्या.”

लोक हसले. वकील उसळून म्हणाला, की म्हणजे दमदाटीनं म्हणायला लावलेलं नाव हे. दोमिंगोसनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

“पहिल्या दिवशी दमदाटीनं, साहेब. पुढचं सगळं आम्ही आपणहून. माझी पोर हिच्या होडीतून शाळेत गेली, नात जातेय. धक्क्यावर रायमुंदा म्हणून ओरडा, कुणी मान वळवणार नाही. हीसुद्धा नाही.”

ब्रांदाओंकडून बेनेदिता उठली. गिरणीवालीला जिनं हातावर वाढवलं, माहेराहून जी तिच्यासोबत सासरी आली, ती ही म्हातारी. पांढराशुभ्र इस्त्रीचा झगा घालून तिला आणलं होतं. काय सांगायचं ते पढवलेलं असणार, कारण उभी राहताना ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. पण आधी तिला मातेच्या नावानं शपथ घ्यावी लागली, आणि तिथंच सगळं बिनसलं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, घरी यांना काय म्हणायचात?

“दोना नाझारे.”

लहानपणी?

“लहानपणीसुद्धा. पाच वर्षांची होती तेव्हापासून. थोरल्या मालकांचा, हिच्या वडलांचा, हुकूम होता.”

म्हणजे नाझिन्या कुणीच म्हणत नव्हतं?

बेनेदितानं मालकिणीकडे पाहिलं.  म्हातारीनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, “नाही, बाई. त्या घरात कुणीच नाही. आई तर बाळंतपणातच गेली हिची.”

निकाल तिथल्या तिथं लागला. नाव रायमुंदाचं, म्हणजे नाझिन्याचं. दुसऱ्या बाईंनी दुसरं नोंदवावं आणि पोस्टरं उतरवावीत. बेटवाल्यांनी बाकं बडवली. नाझिन्याला वाटलं होतं की या क्षणी आपण नाचू. पण तिची नजर गेली ती समोरच्या बाईवर. दोना नाझारे ताठ बसली होती, पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून, आणि तिच्या चेहऱ्यावर हरल्याचा राग नव्हता. सगळ्या गावासमोर आपलं काहीतरी उघडं पडल्यावर माणूस जसं बसतं तशी ती बसली होती. नाझिन्याला तिची दया आली. मग आपल्याला दया आली याचाच राग आला, आणि ती बाहेर पडली.

धक्क्यावर वेगळंच नाटक चाललं होतं. नवरा एवांद्रो ब्रांदाओ, बेनेदिताच्या साक्षीनं तोंड काळं झालं म्हणून, बायकोची वाट न बघता लाँच घेऊन निघून गेला होता. ओहोटी लागली होती, चिखल वर येत होता, आणि दुसरी कुठलीही मोठी बोट आता सकाळपर्यंत धक्क्याला लागणार नव्हती. दोना नाझारे उंच टाचांचे बूट घालून फळीच्या टोकाला उभी होती. चार पावलं मागं बेनेदिता आपली पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिला जवळ जायचं धाडस होत नव्हतं.

नाझिन्यानं होडी वळवून फळीला लावली.

“बसा,” ती म्हणाली. “मत कुणाला देणार ते आमच्या होडीत विचारत नाहीत.”

दोना नाझारे हलली नाही. दोमिंगोसनं पुढून हात दिला तेव्हा ती बूट हातात घेऊन उतरली. बेनेदिता तिच्यामागून.

“केस बांधा.”

“माझे काही लांब नाहीत.”

“खांद्याला लागतात. बांधा. दांड्यावर झाकण मी घातलंय, तरी माझ्या होडीत मोकळ्या केसांनी कुणी बसत नाही.” आणि नाझिन्यानं खिशातलं रबर पुढं केलं. शाळेच्या पोरींसाठी ती नेहमीच बाळगायची. गिरणीवालीनं मुकाट्यानं केस बांधले.

अर्धी नदी मागं पडली. मग दोना नाझारे, पाण्याकडे बघत, म्हणाली, “जिंकलात तुम्ही.”

“नावापुरतं. मतं अजून पडायचीत.”

“मी माघार घेणार नाही.”

“नकाच घेऊ. मला तुम्हाला मतांनी पाडायचंय.”

दोमिंगोस पुढं बसून खुदकन हसला आणि त्यानं तोंड फिरवलं. बाई पुन्हा बोलली. आवाज इतका खाली आला होता की नाझिन्याला इंजिन कमी करावं लागलं.

“सगळ्यांना वाटतंय मला ते मतांसाठीच हवं होतं.”

“नव्हतं?”

“होतं. नवऱ्याची कल्पना ती. पण पोस्टर छापून आलं ना, त्यातलं एक मी खोलीत नेलं. दार लावून बघत बसले होते.”

 तरी नाझिन्या मऊ पडली नाही. मऊ पडणं तिला परवडणारं नव्हतं. “मग दुसरं काही घ्यायचं होतं. माझ्या आईनं वल्हं घेऊन मिळवलेलं, तेच कशाला?”

“दुसरं कुठून आणू? लोकांना काय सांगू, की मला कुणी लाडानं हाक मारत नाही, तुम्ही मारा?”

नाझिन्याचा हात डोक्यावरच्या रुमालाकडे गेला. आपल्याला केस नाहीत, कान नाही, पण सकाळी होडी सुटली की दहा धक्क्यांवरून हाका येतात. ही आधी माहेरी आणि मग निळ्या फरश्यांच्या घरात जन्मभर दोना म्हणून बसली. हे एवढ्या स्पष्टपणे तिला आजवर कधी दिसलं नव्हतं, आणि दिसल्यावर वाईट वाटलं, सरळ वाईट वाटलं.

दोना नाझारे मागं वळली. म्हातारी अंग चोरून बसली होती. घरी पोचलं की आपलं गाठोडं बाहेर येणार, हे ती धरूनच होती.

“बेनेदिता, तू खरं बोललीस त्याचं मला काही नाही. पण पप्पा जाऊन किती वर्षं झाली. नंतर तरी तू का नाही म्हणालीस?”

“तोंडाला सवयच नव्हती,” बेनेदिता म्हणाली. मग पिशवीचे बंद चाळवत राहिली. “मनात म्हणायचे. रोजच म्हणायचे. कॉफी घेऊन वर यायचे ना, तेव्हा जिन्यात.”

 गिरणीवाली उठून म्हातारीकडे सरकायला लागली, चालत्या होडीत, अनवाणी, दोन्ही हात पुढं करून. नेमकी तेव्हाच ओंडके भरलेली एक मोठी बार्ज शेजारून गेली आणि तिची लाट कडेवर आदळली. होडी एका अंगावर कलंडली. नाझिन्यानं सुकाणू ओढलं. दोना नाझारेचा तोल गेला.

“नाझिन्या!” म्हातारी ओरडली आणि तिनं तिचं मनगट गच्च पकडलं. “खाली बस, पोरी, पडशील ना. बस माझ्याजवळ, नाझिन्या.”

होडी सावरली. मागं सुकाणू धरून बसलेल्या नाझिन्याच्या तोंडात जन्मभराच्या सवयीनं ‘काय गं?’ आलंच होतं. दोमिंगोसनं वळून तिच्याकडे पाहिलं. यंत्रावरचं नाव तिचं होतं, उद्या पहाटे ती त्याच नावानं मतं मागत बेटाबेटावर हिंडणार होती, आणि या समोरच्या बाईला ती तसूभरही जागा सोडणार नव्हती. पण आत्ता तिनं ओठ मिटले आणि नजर पलीकडच्या काठावर लावली. कुणीतरी नाझिन्या म्हणून हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.